परक्याचा भाव

आमच्या घरात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घ्यायची तर ती गिरिधरकडूनच, हा नियम माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. गिरिधर माझा धाकटा दीर. लकडगंजात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. फ्रिज त्याच्याकडचा, कूलर त्याच्याकडचे, मिक्सर, गिझर, एवढंच काय न्हाणीघरातला बल्बसुद्धा त्याच्याकडचा. तो आम्हाला 'घरचा भाव' लावतो. घरचा भाव म्हणजे नेमका किती, हे आजवर कोणी विचारलेलं नाही, कारण घरच्या माणसाला भाव विचारायचा नसतो. बिल मागायचं नसतं. वरून चहा मिळतो, तो प्यायचा आणि घरी यायचं. आमचे हे, म्हणजे दुर्गेश, हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतात. तिथे स्क्रूच्या पाकिटासाठी तीन ठिकाणचे भाव मागवणारा हा माणूस भावाच्या दुकानात शिरला की गायीसारखा गरीब होतो.

यंदा मला घरघंटी घ्यायची होती, धंद्यासाठी. आमच्या मनीषनगरात फ्लॅटच फ्लॅट झालेत आणि त्या फ्लॅटमधल्या बायकांची एकच तक्रार असते, की चक्कीवाला उपवासाचं दळण गव्हावरच घालतो. राजगिऱ्याच्या पिठात गव्हाचं पीठ आलं की उपवास मोडला. नवरात्रात भगर, राजगिरा, शिंगाडा वेगळा दळून देणारं कोणी असेल तर रांग लागेल, हे मला पक्कं दिसत होतं. पुढे दिवाळीची भाजणी होतीच. घरघंटी ठेवायला रस्त्याकडची पुढची खोली होती. ती रद्दी, जुने कूलर आणि मोडक्या सायकलींनी भरलेली, पण होती.

ह्यांना ती खोली भाड्याने द्यायची होती. बंटी नावाचा एक मोबाइलच्या कव्हरांचा दुकानदार मागे लागला होता. मी वर्षानुवर्षं साड्यांना फॉल-पिको करून जमवलेले पैसे पुढे केले आणि सांगितलं, घरघंटी माझ्या पैशाने घेईन, धंदा मी पाहीन, खोली मला द्या. बरीच वादावादी झाली. शेवटी हे म्हणाले, "ठीक आहे. तुझा व्यवहार तूच कर. पण पहिल्याच सौद्यात फसली, तर खोली बंटीची. मग मले काही म्हणायचं नाही." मी हो म्हटलं. त्यात नाही म्हणण्यासारखं मला काही दिसलंच नाही.

रीतीप्रमाणे आधी गिरिधरला विचारलं. त्याने फोनवरच घरचा भाव सांगितला, एकवीस हजार. पहिल्यांदाच असं झालं, की मी तो भाव ऐकून लगेच हो म्हटलं नाही. फोनवर शोधलं, तर तीच कंपनी, तेच मॉडेल, एकोणीस हजाराला होतं. मी ऑनलाइन मागवून टाकली. घाई केली ती पितृपक्ष तोंडावर होता म्हणून. एकदा पितरांचे दिवस लागले की आमच्याकडे सुईसुद्धा नवी येत नाही. मला तर घटस्थापनेला घंटी सुरू करायची होती. गणपती उठायच्या आत खोकं घरात आलं. घटस्थापनेला पूजा करूनच सील फोडायचं, असं ठरवून मी ते दिवाणखान्यात भिंतीला लावून ठेवलं आणि येताजाता त्याच्याकडे पाहत राहिले. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पन्नाशी उलटेपर्यंत इतकी मोठी वस्तू मी स्वतःच्या मनाने घेतली नव्हती.

पितृपक्ष लागून चारपाच दिवस झाले असतील. दुपारी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गिरिधरचा मेसेज आला. त्याने फोनवरच्या पानाचा फोटो टाकला होता. तीच घरघंटी, आणि खाली भाव साडेचौदा हजार. सोबत लिहिलं होतं, "वहिनी, थोडं थांबाचं होतं ना. असो. अनुभव महत्त्वाचा." शेवटी हात जोडल्याचं चित्र. दहा मिनिटांत सगळ्या नातेवाइकांनी ते पाहिलं. एका मामेसासूबाईंनी हळहळल्याचं चित्र टाकलं. ह्यांनी काहीच टाकलं नाही, आणि त्यांचं ते काहीच न टाकणं मला जास्त लागलं.

साडेचार हजार म्हणजे किती साड्यांचा फॉल, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. तिडीक गेली डोक्यात. आधी स्वतःचा राग आला, मग कंपनीचा, मग त्या हात जोडणाऱ्या चित्राचा. संध्याकाळी हे घरी आले, चपला काढल्या आणि खोक्याकडे न बघता म्हणाले, बंटी रविवारी अ‍ॅडव्हान्स घेऊन येतो म्हणतोय. आवाज चढलेला नव्हता. मी म्हटलं, रविवार अजून यायचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून दिला आणि फोन घेऊन बसले. आधी ज्याच्याशी बोलत होते तो माणूसच नव्हता, मशीन होतं. मी काहीही लिहिलं तरी ते खेद व्यक्त करायचं. मी लिहिलं, मला तुझा खेद नको, माणूस दे. असं पुन्हा पुन्हा लिहिलं तेव्हा कुठे एक मुलगी फोनवर आली. ती हिंदीत गोड बोलत होती, मीही माझ्या नागपुरी हिंदीत गोडच बोलले. तिचं म्हणणं, भावातला फरक परत करायची आमच्याकडे पद्धतच नाही, तो भाव दुसऱ्या विक्रेत्याने लावलाय. मी विचारलं, मग खोकं फोडलेलंच नाही, त्याचं काय? ती म्हणाली, सील असेल तर परत घेऊ, अजून मुदत आहे. पैसे खात्यात येतील, आणि नवी घंटी तुम्ही नव्या भावात मागवू शकता. लोक वस्तू आली की फोडतात, मॅम, असंही म्हणाली. तिला काय सांगणार, आमच्याकडे मुहूर्त असतो म्हणून. मुहूर्तासाठी थांबले म्हणून माझे पैसे वाचत होते. मला एकदम हलकं वाटलं.

पण ते हलकेपण संध्याकाळपर्यंतच टिकलं. परत पाठवून नवी मागवते म्हटल्यावर हे ताडकन उठले. पितरांच्या दिवसात नवी वस्तू? बाबांची तिथी दोन दिवसांवर, आणि तू खरेदी करणार? मी म्हटलं, वस्तू तीच आहे, घेतली ती पितृपक्षाच्या आधीच, मी फक्त भाव सुधारून घेतेय. ह्यांनी थेट गिरिधरला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. गिरिधरचा सूर एखाद्या भटजीला लाजवेल असा. म्हणाला, "भाऊ, पैशाचं जाऊ दे. साडेचार हजाराले बाबा परत येणार आहेत का? ह्या पंधरा दिवसांत आपल्या घरी काही घेऊ नये, बस." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे झालं, निकाल लागला. मी उठून कुकर लावला. 

सकाळी मी ते पान पुन्हा उघडलं. वाटलं, निदान तो भाव घटस्थापनेपर्यंत राहतो का ते पाहावं. बारीक अक्षरात खाली लिहिलेलं मी तोवर कधी वाचलंच नव्हतं. चष्मा लावला. विक्रेता, मयुरा सेल्स, लकडगंज, नागपूर.

मयुरा गिरिधरची मुलगी. तिच्या नावाने त्याने नवी फर्म काढल्याचं त्याच्या बायकोने मला मागच्या दिवाळीत सांगितलं होतं, आणि मी बरं झालं म्हणून पेढा खाल्ला होता.

मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. आम्हाला एकवीस. ज्यांचं तोंडही पाहिलं नाही त्या भोपाळ-रायपूरच्या लोकांना साडेचौदा. हा गिरिधर लग्न होईपर्यंत माझ्या हातचं जेवलाय. दुकान नवं होतं तेव्हा रोज दुपारी त्याचा डबा मी भरत होते, आणि त्याला वांग्याची भाजी चालत नाही म्हणून वेगळी करत होते. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. मग साडी बदलली.

उज्ज्वलनगरहून मेट्रो धरली, सीताबर्डीला बदलली, उतरून पुढे चालत गेले. भादव्याचं ऊन डोक्यावर होतं. लकडगंजात एरवी ह्या वेळी हातगाड्यांतून वाट काढावी लागते, पण पितृपक्षाने सगळा बाजार थंड पडलेला. गिरिधरच्या दुकानात एक गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या बाजूला मात्र खोक्यांची चळत लागली होती, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पत्त्याचा कागद. एकावर रायपूर वाचलं, एकावर अकोला.

मला पाहून तो उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला. वरवरचं बोलणं झालं. मग मी म्हटलं, ती ऑनलाइनची घंटी परत करतेय, ऐकलं नाही तुमचं, चुकलंच. आता तुमच्याकडचीच घ्यावी म्हणते, घरचा भाव सांगा. त्याचा चेहरा असा खुलला, की मला क्षणभर त्याची कीव आली.

"वहिनी, तुमच्यासाठी वीस," तो म्हणाला. "पण पितर गेल्यावर पाठवतो. आता नको."

"आणि मयुरा साडेचौदाले काहून देते?"

मी फोन त्याच्यासमोर काउंटरवर ठेवला. त्याने त्या पानाकडे पाहिलं, मग मागच्या खोक्यांकडे पाहिलं. चहा आला तो तसाच राहिला. मग बोलू लागला, आणि एवढं म्हणेन, की खरं बोलला. हे पंधरा दिवस गावातलं कुत्रं दुकानात फिरकत नाही. गोडाऊन भरलेलं असतं, बँकेचं व्याज थांबत नाही. म्हणून मयुराच्या नावाने ऑनलाइन विकायचं, भाव पाडून विकायचं, बाहेरच्या लोकांना थोडंच कळतं कोण विकतंय. सगळेच करतात, वहिनी.

"म्हणजे पितरांच्या दिवसांत घेतलेलं चालत नाही, विकलेलं चालते," मी म्हटलं.

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. मग त्याने गल्ला उघडला, नोटा काढल्या, पाकिटात घातल्या आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. म्हणाला, घंटी परत करायची भानगड नको, घरात आलेली आहे ती राहू द्या, फरक मी देतो. पूर्ण साडेचार. फक्त भाऊला सांगू नका. भाऊला वाईट वाटेल.

ते पाकीट उचलावंसं मला फार वाटलं. एका मिनिटात सगळं मिटलं असतं. पैसे माझे मला मिळाले असते, ऊन उतरायच्या आत मी घरी असते. पण घरी गेल्यावर काय? ग्रुपवर मी फसलेलीच राहणार होते. खोली बंटीचीच होणार होती. आणि ह्यापुढे ह्या दुकानातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मी मूग गिळून बसायचं, ह्याचे ते पैसे होते. माझा चहा निवला होता, तो मी एका घोटात पिऊन टाकला.

"मले घरचा भाव नको, भाऊजी. पाकीटही नको. मले परक्याचा भाव लावा."

तिथेच बसून मी ऑर्डर टाकली. नाव शोभा, पत्ता मनीषनगर, पैसे वस्तू दारात आल्यावर. गल्ल्याजवळ ठेवलेला त्याचा फोन वाजला. त्याने तो उचलून पाहिला आणि वाचत राहिला, जणू ऑर्डर लांबच्या गावाहून आली होती. मी उठले. म्हटलं, बिल नीट लावा, फर्मचं नाव ठळक दिसलं पाहिजे. तुमच्या भाऊंना मी काही सांगणार नाही, तोंडातून एक शब्द काढणार नाही. पण खोक्यावरचं नाव मी झाकणारही नाही.

"वहिनी, तुम्ही परक्यासारखं करून राहिल्या," तो म्हणाला.

"हाव. त्यातच स्वस्त पडते," मी म्हटलं आणि निघाले. मेट्रोत बसल्यावर मला हसू आलं, शेजारच्या बाईने जरा सरकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जुनं खोकं न्यायला माणूस आला. सील पाहिलं, चारी बाजूंनी फोटो काढले, घेऊन गेला. भिंतीजवळची जागा रिकामी झाली. ह्यांनी ती पाहिली, पण विचारलं नाही. त्यांचा समज असा, की मी पैसे परत घेतले आणि नाद सोडला. सासऱ्यांच्या तिथीला मी वडे, खीर, कढी सगळं साग्रसंगीत केलं. गिरिधर जेवायला आला, मान खाली घालून जेवला, खीर दुसऱ्यांदा घेतली नाही. हे त्याला आग्रह करत होते. मी वाढत होते आणि कबूल केल्याप्रमाणे गप्प होते. सोपं नव्हतं ते.

रविवारी सकाळी टेम्पो दारात थांबला. हे बनियनवर पेपर वाचत होते, तेच उठून गेले. मी आतून पैसे घेऊन आले, खात्यात परत आलेले आदल्या दिवशीच काढून ठेवले होते. हे म्हणाले, हे काय मागवलं? मी म्हटलं, घरघंटी. पितृपक्ष, बाबा, मी सांगितलं होतं ना, असं सगळं त्यांच्या ओठांवर आलं, पण माणसासमोर बोलता येईना. मी पैसे दिले. हाताखाली पोऱ्या नसल्याने टेम्पोवाल्याला खोकं आत आणायला ह्यांनाच हात लावावा लागला. खाली ठेवताना बिलाची पिशवी त्यांच्या नाकासमोर आली. स्टोअरमधला माणूस, आलेल्या मालाचं बिल वाचल्याशिवाय राहवतं थोडंच. त्यांनी ती पिशवी फाडली, कागद काढला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ते नावापाशी थांबले. मग भावापाशी. मग पुन्हा नावापाशी. टेम्पो निघून गेला तरी ते तसेच वाकून उभे होते.

"मयुरा सेल्स," ते म्हणाले. "हे आपल्या गिरिधरचं?"

"हाव."

"तुले माहीत होतं?"

"गिरिधरभाऊजी फोनवर तुम्हाले बाबांचं सांगून राहिले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी समजलं."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी भांडले असते," मी म्हटलं. "आता कागदाशी भांडा."

ते खुर्चीवर बसले. त्यांची नजर फ्रिजवर गेली, मग खिडकीतल्या कूलरवर, मग वरच्या पंख्यावर. एकेक वस्तू ते नव्याने पाहत होते आणि एकीचंही बिल आठवत नव्हतं, कारण बिल कधी नव्हतंच. मला वाटलं होतं, ह्या वेळी मला फार बरं वाटेल. पण त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं, की बरं वाटायचं मी नंतरवर टाकलं. त्यांनी फोन उचलला, गिरिधरचं नाव काढलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि फोन ठेवून दिला. मग उठून स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आले.

"फोडतो," ते म्हणाले. "आजच चालू कर. पाहतो कोण काय म्हणते तर."

रागाचं होतं ते, मला कळत होतं. मी त्यांच्या हातातून सुरी काढून घेतली.

"घटस्थापनेले फोडीन. मी ठरवलं आहे."

इतक्या वर्षांत ह्या घरात कुठली वस्तू कधी उघडायची हे मी ठरवलं नव्हतं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बंटी अ‍ॅडव्हान्स घेऊन आला होता, हातात पेढ्याचा डबाही होता. हे बनियनवरच बाहेर गेले. मी आतून ऐकत होते आणि हातातली सुरी खाली ठेवायचं भान मला नव्हतं.

"खोली द्यायची नाही," हे त्याला सांगत होते. "नाही बावा, भाड्याचा प्रश्न नाही. तिथं हिची घरघंटी बसून राहिली."

बंटीने जास्त भाडं सांगून पाहिलं. हे पुन्हा नाही म्हणाले. मग ते आत न येता तसेच पुढच्या खोलीकडे वळले. दार फुगलं होतं, त्यांनी खांदा लावून ते उघडलं आणि आतला जुना कूलर ओढत अंगणात काढायला लागले.